आमच्या घरचा बडग्या

शाळेच्या स्टाफरूममध्ये नवऱ्यांचा विषय निघाला की मी तपासायच्या वह्या पुढे ओढायचे. माझा नवरा सरकारी कचेरीत कारकून होता, पण लाज त्याची नव्हती. नागपुरात तेव्हा कारकून नाही असं घर शोधावं लागे. लाज होती ती तो लेखक असल्याची. कविता करणारा असता, किंवा एखाद्या विधवेच्या दुःखावर कादंबऱ्या लिहिणारा असता, तर मीच चारचौघींत विषय काढला असता. पण लिहायचं काय, तर यानं, यंत्रमानव आणि पुढच्या शतकातलं नागपूर. "काय मग, पोचलं का तुमच्या मिस्टरांचं यान मंगळावर?" असं भूगोलाच्या बाई चहा पिता पिता विचारायच्या आणि सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. न हसून सांगते कुणाला.

आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव घेत नसत आणि मी आता म्हातारपणी ती सवय मोडणार नाही. यांना मी 'हे'च म्हणते, इथेही तेच चालू द्या.

गांधीबागेच्या मागच्या एका गल्लीत आमचं दोन खोल्यांचं कौलारू घर होतं. मागे अंगण, अंगणाच्या कडेला विहीर. हे पहाटे उठून अंगणातल्या खाटेवर बसायचे आणि माझा पोळपाट मांडीवर उलटा घेऊन त्यावर कागद ठेवून लिहायचे. मला पोळ्यांना पोळपाट लागायचा नेमका त्याच वेळी. म्हणजे यांचा नायक कुठल्या तरी ग्रहाभोवती अधांतरी तरंगतो आहे आणि मी कमरेला पदर खोचून शेजारी उभी, "द्या आता, कणीक वाळून राहिली," म्हणत. यांचं अक्षर मुंग्यांनी रांग सोडल्यासारखं. म्हणून मुद्रणप्रत मी करायची, रविवारी दुपारी, शाळेच्या बाईंच्या वळणदार अक्षरात. त्यामुळे यांचा शब्दन् शब्द माझ्या हाताखालून गेलेला आहे. पहिली वाचक मी, आणि पहिली टवाळीही माझीच.

यांची जी कादंबरी मला आजही आठवते, ती एका मोठ्या यानाची होती. ते यान इतकं लांब निघालेलं, की पोचेपर्यंत माणसांच्या पिढ्या जाणार. आत तेच पाणी गाळून पुन्हा पुन्हा प्यायचं, तीच हवा पुन्हा पुन्हा घ्यायची. त्यात एक कुटुंब जरा मिजाशीचं. ते आपला कचरा गाळणीत न घालता गुपचूप दारातून बाहेर सोडून देतं. पण अंतराळात सोडलेली वस्तू मागे पडत नाही म्हणे, यानाच्याच वेगानं शेजारून चालत राहते. त्या कुटुंबाच्या नातवंडांना खिडकीतून तारे दिसत नाहीत, आजोबांचा कचरा दिसतो. प्रत करताना मी विचारलं होतं, हे खरं आहे का. हे म्हणाले, "भौतिकशास्त्र आहे. आणि आपली पृथ्वी म्हणजे दुसरं काय आहे? बाहेर फेकायला 'बाहेर' नावाची जागाच नाही."

हे एवढंच यांचं तत्त्वज्ञान, पण ते यांनी सगळ्याला लावलं. एका कादंबरीत पुढच्या शतकात नाग नदी कोर्टात उभी राहते आणि तिचा वकील एक यंत्रमानव असतो. त्या वेळी नाग नदी म्हणजे नाकाला रुमाल लावून ओलांडायचा नाला. लोकांना ती विनोदी कादंबरी वाटली, छापणाऱ्यालाही वाटली, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटली. यांनी मात्र ती विनोदी म्हणून लिहिली नव्हती.

पुस्तकात काय लिहायचं ते लिहा, पण यांनी ते घरात आणलं. सत्तरनंतर गल्लीत एकेक करत कूलर आले. वाळ्याच्या जाळ्या, बादल्या बादल्या पाणी, आणि आत थंडगार झोपलेली माणसं. आमच्याकडे नाही. कूलर म्हणजे शेजाऱ्याच्या वाटचं पाणी हवेत उडवणं, म्हणे. नागपूरच्या मे महिन्यात हे वाक्य बायकोला ऐकवायला छाती लागते, ती यांना होती. मी ओलं पातळ खिडकीला बांधून झोपायचे.

आणि पाण्याचा गिलास. आमच्या भागात उन्हातून आलेल्या माणसाला आधी गूळ आणि माठातलं पाणी काठोकाठ भरून द्यायचं, मग नावगाव विचारायचं. हे अर्धा गिलास द्यायचे. लागलं तर आणखी घ्या, पण उरलेलं मोरीत जायला नको, हा हिशेब. हिशेब चूक नव्हता, पण अर्ध्या गिलासाचा अर्थ आपल्याकडे 'लवकर निघा' असा होतो, हे त्या शहाण्या डोक्यात शिरत नव्हतं. एकदा काटोलहून माझा भाऊ लग्नाची पत्रिका घेऊन आला. बसनं आलेला, घामानं शर्ट चिकटलेला. यांनी त्याच्या हातात अर्धा गिलास दिला आणि वर संत्र्याच्या बागांनी काटोलच्या विहिरी कशा खाली खाली चालल्यात ते सांगू लागले. भावानं ते पाणी पिऊन गिलास उपडा ठेवला आणि दुसरा मागितलाच नाही. जाताना मला दारात म्हणाला, "ताई, भाऊजींचं चांगलं चालून राहिलं ना?" त्याला वाटलं आम्हाला काही कमी आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी हे सगळं घरातल्या घरात होतं. विहिरीनं ते गल्लीत नेलं.

आमच्या अंगणाच्या कडेला विहीर म्हटलं, ती अर्धी आमच्या जागेत आणि अर्धी गल्लीच्या सामायिक जागेत होती. मधून कुंपण घालता येत नाही म्हणून कुणी घातलं नव्हतं. पूर्वी सगळी गल्ली तिचं पाणी प्यायची. मग घरोघर नळ आले आणि विहिरीवर फक्त आम्ही आणि चिमण्या उरलो. गल्लीतल्या पोरांनी ठरवलं, विहीर बुजवायची आणि सामायिक जागेवर हॉल बांधायचा. लग्नं, बारशी, तेराव्याची पंगत, सगळं तिथे. मागणी रास्त होती. गल्ली इतकी चिंचोळी, की मांडव घातला तर प्रेत न्यायला वाट उरत नसे. आमच्या शेजारच्या काकूंच्या नातीचं लग्न ठरत आलं होतं. सगळ्यांनी संमतीच्या कागदावर सह्या केल्या. राहिली एक सही, आणि विहिरीचा अर्धा काठ आमचा असल्यामुळे तिच्याशिवाय फावडं लागणार नव्हतं.

यांनी सही केली नाही.

पोरं आली, वडीलधारे आले, हे प्रत्येकाला अंगणात नेऊन विहीर दाखवायचे. नळ हे पाहुणे आहेत, विहीर घरची आहे, असं सांगायचे. पावसाचं पाणी कौलांवरून पन्हाळीनं विहिरीत सोडायची यांची एक योजना होती, तिचं चित्रही काढलं होतं. माणसं चित्र बघायची, मान हलवायची आणि बाहेर जाऊन हसायची. हसतील त्यांचे दात दिसतील, असं हे म्हणायचे. दात मला दिसत होते, कारण भाजीला, दळणाला, शाळेला त्याच गल्लीतून मी जात होते.

शेवटी काकू आल्या. या काकूंनी माझं पहिलं बाळंतपण केलं होतं, माझी आई काटोलला अंथरुणाला खिळलेली असताना. त्या यांच्याशी बोलल्याच नाहीत, स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर बसल्या.

"काहून वं, माह्या नातीचं लग्न मी रस्त्यावर लावू का? तुह्या नवऱ्याले सांग. मी तं तुले कधी काही मागितलं नाही."

मी खाली बघून तांदूळ निवडत राहिले. त्या दिवसानंतर संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. वाण गल्लीत सगळीकडे वाटलं गेलं, आमचं दार तेवढं वगळून. उंटावरचा शहाणा तो, आणि ऊन लागतं मला.

त्या वर्षीचा पोळा जवळ आला. बाहेरच्या लोकांना सांगायला हवं, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी आणि पिवळी, दोन मोठ्या बाहुल्या. गावातली रोगराई, इडापिडा त्यांच्याबरोबर वेशीबाहेर न्यायची आणि जाळायची. त्यांच्या मागे बडगे असतात. बडग्या म्हणजे पुरुषाचा पुतळा, ज्याचा लोकांना त्या वर्षी राग आला असेल त्याचा. महागाईचा, काळाबाजारवाल्याचा, कधी एखाद्या पुढाऱ्याचा. गल्लीगल्लीची पोरं आपापला बडग्या करतात, आपल्या गल्लीत फिरवतात आणि मग मोठ्या मिरवणुकीला जाऊन मिळतात. बडग्याला कपडे घरोघर मागून आणायची रीत आहे.

पोरं आमच्याकडेही आली. तोंडावर हसू होतं, पण मला वाटलं, चला, इतक्या महिन्यांनी कुणी तरी दारात आलं.

"बाई, जुने कपडे असन तं द्या. बडग्याले पाहिजे."

मी हौसेनं आत गेले. यांचा एक राखी रंगाचा बुशशर्ट होता, कॉलर उसवलेला, त्याच्यावर शाईचे डाग. विजारही दिली. वर चहा विचारला. पोरं नको म्हणाली आणि घाईनं गेली. मी यांना सांगितलंही, की बघा, गल्ली आपल्याला विसरली नाही.

मारबतीच्या सकाळी ढोल वाजू लागले तशी मी दारात आले. समोरच्या, शेजारच्या, सगळ्या बायका दारात होत्या. पोरांच्या खांद्यावर बडग्या होता. बांबूचा सांगाडा, गवताचं पोट, आणि त्यावर राखी बुशशर्ट. शाईचा डाग मी ओळखला, तो मी स्वतः लिंबू लावून घासला होता. डोळ्यांवर तारेचा चष्मा, डोक्यावर पत्र्याच्या डब्याचं यान, आणि हातात गिलास. गिलासावर निम्म्यात रेघ मारलेली. गळ्यात पाटी होती:

अर्ध्या गिलासाचे महाराज,
मंगळावर जा आज!

"घेऊन जा गे मारबत!" पोरं ओरडली आणि गल्ली ओरडली. काकूंच्या ओट्यावरूनही आवाज आला. शर्ट मी दिला होता. नुसता दिला नाही, आनंदानं दिला होता, चहा विचारून. धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात ते त्या वेळी मला शब्दशः हवं होतं.

तेवढ्यात हे बाहेर आले. दाढीचा साबण गालावर तसाच. यांनी बडग्या बघितला, चष्मा सावरून पाटी वाचली, आणि हसले. चेहरा पडलेल्या माणसाचं उसनं हसू नव्हतं ते, खरोखर हसले. एका पोराला थांबवून म्हणाले, "रेघ बरोबर मारली गा. पण एक सांग, वेशीबाहेर नेऊन जाळता, त्या जागेवर आता वस्ती झाली. उद्या तिथले लोक इडापिडा कुठं नेतील?"

पोरगं बडग्यामागे पळालं. ढोल पुढे गेले.

आत आल्यावर मी दार लावलं. मला राग कुणाचा आला होता ते सांगते. पोरांचा नाही, काकूंचाही नाही. या हसणाऱ्या माणसाचा. भर गल्लीत स्वतःची धिंड निघाली आणि हा माणूस रेघेचं कौतुक करतो. मी रडले नाही. अगदी सावकाश म्हणाले:

"तुम्हाला लाज नाही, म्हणून ती सगळी माझ्या वाट्याला येते. तुमची आणि माझी, दोघांची मी एकटी वागवते. आता मला होत नाही."

यांच्या गालावरचा साबण वाळत चालला होता. तो तसाच घेऊन हे बराच वेळ खाटेवर बसून राहिले. मग तोंड धुतलं, खुंटीवरचा सदरा घातला, टेबलावरचं पेन खिशाला लावलं आणि काकूंच्या ओट्यावर गेले. मी खिडकीतून बघत होते. काकूंनी कागद आणायला नातीला आत पाठवलं. यांनी उभ्यानंच सही केली. परत येऊन जेवायला बसले आणि भाजीत मीठ बरोबर आहे म्हणाले.

अट एकच घातली. विहिरीत एक कासव होतं, पाणी निवळ राहावं म्हणून कुणा पूर्वजांनी सोडलेलं. ते आधी काढायचं. पोरांनी ते पाटीत घालून वर काढलं आणि हे ते बादलीत ठेवून सायकलवरून तलावावर सोडून आले. विहीर बुजवायच्या दिवशी काकूंनी तिची ओटी भरली, नारळ फोडला, क्षमा मागितली. सगळ्या सवाष्णींना बोलावणं होतं, आणि पहिलं बोलावणं माझ्याकडे आलं. काकूंनी मला कुंकू लावलं, हनुवटीला हात लावला. हे कचेरीत गेले होते. मलब्याच्या गाड्या रिकाम्या होऊ लागल्या तेव्हा खालून आवाज यायचा, आधी पाण्याचा, मग नुसता दगडांचा. मी तिथे उभी होते आणि मला बरं वाटत होतं. हे लिहिताना हात अडखळतो, पण बरं वाटत होतं.

हॉल झाला. काकूंच्या नातीचं लग्न तिथेच लागलं, आणि पंगतीत वाढायला मी होते.

हे लिहीत राहिले, पण वेगळं. आता यानं लढाया करू लागली. दुष्ट शास्त्रज्ञ, हेर, हिरवे किरण, शेवटच्या पानावर स्फोट. पाणी नाही, नदी नाही, कचऱ्याचा तर उल्लेख नाही. मुद्रणप्रतही मी करायची गरज उरली नाही, सीताबर्डीवरच्या एका टायपिंगवाल्याकडे देतो म्हणाले, तुला शाळेचं काम असतं. मला वाटलं, माझी काळजी आहे. या कादंबऱ्या खपल्या. लायब्ररीत त्यांच्यासाठी नंबर लागू लागले. स्टाफरूममध्ये भूगोलाच्या बाईंनी स्वतःहून सही मागितली. घरात कूलर आला, तोही यांनीच आणला आणि भर दुपारी स्वतः पाणी ओतलं. मी त्याच्यासमोर झोपले. झोप लागली नाही, पण ते उकाड्यामुळे नव्हे.

ऐंशीनंतर कधी तरी गल्लीनं यांचा सत्कार केला, त्याच हॉलमध्ये, एका रविवारी सकाळी. बडग्या खांद्यावर घेणारी पोरं आता पोट सुटलेले बाप्ये झाले होते, त्यांनीच हार आणले. यांनी हिरव्या किरणांच्या गमती सांगितल्या, माणसं पोट धरून हसली. मग मागच्या रांगेतून कॉलेजमधली एक मुलगी उठली. तिनं यांची ती जुनी यानाची कादंबरी वाचली होती, रद्दीच्या दुकानात मिळाली म्हणाली. ती आवडली होती तिला. तिनं विचारलं, की सर, तसं लिहिणं तुम्ही का सोडलं?

मी पहिल्या रांगेत होते. आता हे खरं कारण सांगतील, असं वाटलं, आणि सांगावं असंही वाटलं.

हे म्हणाले, "ते विचार जरा पोरकट होते. वय वाढलं, मग माझे मलाच पटेनासे झाले."

मुलगी खाली बसली. तिचा चेहरा उतरलेला मला दिसला. यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, बघितलं असतं तर कुणाला तरी कळलं असतं.

हॉलपासून घर किती, अंगण ओलांडलं की झालं. तेवढ्यात मी विचारलं, खरंच पटेनासे झाले का? यांनी मान हलवली. नाही, पटतात, रोज पटतात. उन्हाळ्यात नळाची करंगळीएवढी धार बघितली की जास्तच पटतात. मग मी जे इतकी वर्षं म्हणायला हवं होतं ते म्हणाले: लिहा ना पुन्हा तसं. लोक काय म्हणतील ते म्हणू देत. माझी मी बघून घेईन.

यांनी खांद्यावरची सत्काराची शाल काढून तिची नीट घडी घातली.

"आता जमायचं नाही गं," हे म्हणाले. "तसलं एक वाक्य लिहिलं की कुणी तरी हसेल असं वाटतं आणि मी ते खोडतो. आता मलाही लाज वाटते."

ती शाल माझ्या हातात देऊन हे आत गेले, आणि मी अंगणात उभी राहिले.